घड्याळात 21.4 आलं म्हणून रूट लांब होत नाही

हाफ मॅरेथॉन (21.1 किलोमीटर) झाली की दर जानेवारीत ग्रुपवर तोच फॉरवर्ड, यंदा तर तिघांनी टाकला: "सगळ्यांच्या घड्याळात 21.4 आलं, म्हणजे रूट 300 मीटर लांब. घड्याळ थेट सॅटेलाइटवरून मोजतं, ते चुकेल कसं? आयोजकांनी काय गूगल मॅपवर मोजलं का?"

अहो, सॅटेलाइट तुम्हाला मोजतच नाही, तुम्ही पळताय हे त्याच्या गावीही नाही. तो 20,000 किलोमीटरवरून फक्त वेळ आणि स्वतःची जागा सांगत बसतो, चार-पाच सॅटेलाइटचे सिग्नल किती उशिरा पोचले यावरून घड्याळ आपली जागा काढतं आणि मग ठिपके जोडून अंतर. मोकळ्या आकाशाखालीही ठिपका दोन-चार मीटर इकडेतिकडे पडतो, त्यात लोअर परळसारख्या ठिकाणी काचेच्या टॉवरवर आपटून आलेला सिग्नल म्हणजे विचारूच नका. माझा मरीन ड्राइव्हचा एक रन झूम करून बघितला तर मी आधी किनाऱ्यावरच्या काँक्रीटच्या टेट्रापॉडवरून आणि मग चक्क समुद्रातून पळतोय, शूज कोरडे होते बरं का.

आता आयोजकांचं. सर्टिफाइड शर्यतीचा रूट सायकलने मोजतात. पुढच्या चाकाला त्याचे फेरे मोजणारा जोन्स काउंटर लावायचा, टेपने मोजलेल्या सरळ पट्ट्यावर सायकल चालवून किती आकडे पडतात ते बघायचं, मग अख्खा रूट, तोही सगळ्यात जवळच्या रेषेने, वळणावर कडेपासून 30 सेंटीमीटर धरून. वर रूट कमी भरू नये म्हणून किलोमीटरमागे 1 मीटर मुद्दाम जास्त. हाफला ते झाले 21 मीटर. बाकीचे 280 कुठून आले?

काही तुम्ही स्वतः पळालात. पाण्याच्या टेबलाकडे तिरके गेलात, ढोल वाजला म्हणून पलीकडे गेलात, पुढच्याला ओव्हरटेक केलं. एका यू टर्नला 5 मीटर बाहेरून गेलात की तिथेच जवळपास 16 मीटर वाढले. आणि काही घड्याळाने वाढवले, कारण सरळ पळालात तरी ठिपक्यांची रेघ नागमोडी आणि नागमोडी रेघ लांबच भरणार. "सगळ्यांचंच जास्त कसं" याचं उत्तर हेच, दोन्ही चुका एकाच बाजूला ओढतात. (ठिपके जोडताना वळणं छाटली गेली की कुणाचं कमीही येतं, पण तो स्क्रीनशॉट कोण टाकतंय!)

महागडं ड्युअल फ्रिक्वेन्सीवालं, म्हणजे सॅटेलाइटचे दोन फ्रिक्वेन्सीवरचे सिग्नल पकडणारं घड्याळ बिल्डिंगांमध्ये बरं चालतं, मान्य, पण तुमची तिरकी धाव ते सरळ करत नाही.

आणि "जीपीएस बंद करून पावलांवर मोजा" म्हणणाऱ्यांनी दादर मार्केटमध्ये घड्याळाच्या हातात भाजीची जड पिशवी धरून चालून बघावं, हात हललाच नाही तर पावलं मोजणार कशी?

प्रियदर्शिनी पार्कच्या 400 मीटर ट्रॅकवर आतल्या लेनमध्ये आम्ही चौघांनी 10 राउंड मारले. घड्याळं चार, आकडे चार, माझं 4.13. तेव्हा मात्र ट्रॅक लांब आहे असं कुणीच म्हणालं नाही.