'समुद्र काय गावकऱ्यांच्या मालकीचा आहे का?' या मेसेजला मुद्देसूद उत्तर

दिवाळीची सुट्टी जवळ आली की कोल्हापुरातल्या ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो. शब्द बदलतात, मुद्दे तेच. समुद्र सगळ्यांचा, गावानं नियम लावायचे नाहीत. कोकणातल्या माणसाला पर्यटन जमत नाही, मोठी रिसॉर्टं हवीत. पैसे मोजतोय तर मागू तो मासा ताटात यायला हवा. जगात कुठंही गावकरी पर्यटकाला शिकवत नाहीत. आणि होडीवाले लुटतात. गगनबावड्यावरनं किंवा राधानगरी-फोंडा मार्गे मालवण, देवबाग, वेंगुर्ल्याला निघालेल्या गाड्यांत हे सगळं चवीनं वाचलं जातं. तेव्हा एकेक मुद्दा बघू.

'समुद्र सगळ्यांचा.' वाळूवर फिरायला कुणाची ना नाही. पण ती वाळू मासेमारी करणाऱ्या गाबीत समाजाची पिढ्यान्‌पिढ्यांची कामाची जागाही आहे. तालमीत जाऊन कुस्ती कुणीही बघावी; हौद्याच्या तांबड्या मातीत चप्पल घालून उतरलात तर वस्ताद काय म्हणतील, ते कोल्हापूरकराला सांगायला नको.

रापणीचंच घ्या, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढून केलेल्या मासेमारीचं. पाण्याचा बदललेला रंग आणि वर घिरट्या घालणारे पक्षी बघून मासळीचा थवा हेरतात. जाळ्याचा एक दोर किनाऱ्यावर ठेवून होडी अर्धवर्तुळ मारते आणि दुसरा दोर लांबवर किनाऱ्याला आणून देते. मग दोन्ही बाजूंनी माणसं ओढायला लागतात. जाळ्याच्या वरच्या कडेला तरंगणारी बोंडं, खालच्या कडेला वजन. खालची कड तळाला घासत आली तरच मासळी आत राहते. आता पर्यटक हौसेनं दोर धरतो आणि फोटोसाठी खांद्याच्या वर उचलतो. खालची कड तळापासून सुटते आणि मासळी खालून निघून जाते. दुसरी चूक म्हणजे एकाच बाजूला दहा जण जोरात ओढायला लागणं. दोन्ही बाजू सारख्या चालीनं आल्या नाहीत तर मधली झोळी पिळवटते. हात लावायचा असेल तर आधी विचारा, सांगतील त्याच बाजूला, दोर कमरेच्या खाली ठेवून, पुढच्या माणसाच्या पावलाला पाऊल जुळवून ओढा. अंगठी काढून ठेवा; ओला दोर सरकला की बोट सोलतं. आणि मासळी वाळूवर आली की थेट पिशवी पुढं करू नका. रापण सामाईक असते, जाळ्याचा, होडीचा, माणसांचा वाटा ठरलेला असतो. वाटे पडल्याशिवाय त्यातला मासा विकायला कुणा एकाला मुभा नसते. याला अडवणूक म्हणायचं तर साखर कारखान्याच्या वजनकाट्यालाही म्हणावं लागेल.

जेट स्कीचंही तसंच. अंथरलेल्या जाळ्यावरून ती गेली की बोंडांचा दोर तुटतो आणि थवा पांगतो. 'अमुक बाजूला जाऊ नका' असं होडीवाला सांगतो ते यासाठी.

याच मुद्द्याला जोडून एक पोटमुद्दा मेसेजमध्ये असतो: गावपळणीत गाव रिकामं असतं, रील काढायला भारी. मालवण तालुक्यातल्या आचऱ्याची गावपळण दर चार वर्षांनी होते. ग्रामदैवत रामेश्वराचा कौल झाला की माणसं, गुरं, कोंबड्या, सगळे तीन दिवस-तीन रात्री वेशीबाहेर झोपड्या घालून राहतात. ज्या गावात त्या दिवसांत गावकरीच पाय ठेवत नाहीत, तिथं आपण कॅमेरा घेऊन घरांच्या अंगणांत हिंडायचं? वेशीबाहेरच्या झोपड्यांकडं जा, विचारून बसा. खरी गंमत तिथंच असते.

'स्थानिकांना जमत नाही.' वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी महिला बचत गटाच्या बायका स्वतः वल्ही मारत कांदळवन, म्हणजे खारफुटीचं जंगल, दाखवतात. तिवराच्या पानाला जीभ लावून बघा, खारट लागतं, कारण झाड पानांवाटे मीठ बाहेर टाकतं. कांदळाचं बी झाडावरच रुजतं आणि भाल्यासारखा लांब कोंब खालच्या चिखलात टोकानं रुततो. हे दाखवायला जी नजर लागते ती रिसॉर्टच्या मॅनेजरकडं कुठून येणार? वेळ त्यांनी सांगितलेलीच धरा. ओहोटीला होडी चिखलात बसते आणि तुम्ही उशिरा पोहोचलात म्हणून भरती थांबत नाही.

दुसरं उदाहरण मंडणगड तालुक्यातलं वेळास. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं २००२ पासून तिथं ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली आणि पुढं कासव महोत्सव सुरू झाला. पाहुणे गावातल्याच घरांत उतरतात. एका घरट्यात साधारण शंभरावर अंडी, पिल्लं बाहेर यायला ४५ ते ६० दिवस. नेमका दिवस कुणीच सांगू शकत नाही, त्यामुळं 'पिल्लं दिसली नाहीत, पैसे परत द्या' हा वाद घालू नका. दोरीच्या मागं उभं राहायचं, कारण तळहाताच्या मध्यात मावणाऱ्या पिल्लाला आपल्या पावलाचा ठसा म्हणजे खड्डा. फ्लॅश आणि टॉर्च बंद. पिल्लं उजेडाच्या दिशेनं जातात, रात्री किनाऱ्यावर झगमगणारी रिसॉर्टं त्यांना उलट्या बाजूला ओढतात. 'मोठी रिसॉर्टं हवीत' म्हणणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात घ्यावं.

'पैसे मोजले की सुरमई मिळालीच पाहिजे.' १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद. हा अनेक माशांचा विणीचा काळ आणि समुद्रही खवळलेला. तरीही जुलैत ताटात जाडजूड सुरमई आली तर ती बहुधा बर्फातली. त्या दिवसांत खाडीतली मासळी, सुका बांगडा, काळ्या वाटाण्याची आमटी, सोलकढी मागा. एरवीही आदल्या रात्री 'काय मिळेल?' असं विचारा, 'हेच पाहिजे' म्हणू नका. मग घरची बाई लिलावात जे ताजं असेल ते आणते. तिच्या तिरफळ घातलेल्या बांगड्यावर आपली कांदा-लसूण चटणी भुरभुरायची सवय मात्र कोल्हापुरातच ठेवून आलेलं बरं.

'जगात कुठंही असं नसतं.' कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर हैडा ग्वाय ही हैडा लोकांची वडिलोपार्जित बेटं आहेत. जंगलतोडीविरुद्ध १९८५ मध्ये त्यांनी तिथल्या लायल बेटावर रस्ता अडवला, अटका झाल्या. १९९३ च्या करारानं ग्वाय हानास हा भाग हैडा आणि केंद्र सरकार मिळून सांभाळतात. तिथं जाण्याआधी पर्यटकाला नियमांची माहिती घेणं सक्तीचं. जुन्या गावांच्या जागी हैडा राखणदार असतात. किनाऱ्याला लागण्यापूर्वी त्यांना रेडिओवर विचारायचं आणि एका वेळी बाराच जणांनी उतरायचं. शिंपल्यांनी आखलेल्या वाटेबाहेर पाऊल टाकायचं नाही. स्गांग ग्वाय या जागतिक वारसा स्थळी जुने कोरीव लाकडी खांब झुकलेत, कुजतायत, आणि ते तसेच मातीत जाऊ द्यायचे हेही हैडांनीच ठरवलंय. लोक एवढे सोपस्कार करूनही तिथं जातात.

राहिला 'होडीवाले लुटतात' हा मुद्दा. पाळीनं होड्या सोडल्या की घासाघीस चालत नाही, म्हणून तो राग असतो. पण स्थानिक म्हणून सगळं माफ, असं आमचंही म्हणणं नाही. २४ मे २०२२ ला तारकर्लीजवळ स्कुबाहून परतणारी होडी उलटली आणि दोघांचा जीव गेला. म्हणून भाव करण्यापेक्षा हे बघा: परवाना आहे का, होडीवर लिहिलेल्या संख्येपेक्षा माणसं जास्त चढलीत का, वारा वाढलेला असताना निघायची घाई चाललीय का. लाइफ जाकीट घालून सगळे पट्टे आवळा आणि सोबत्याला ते खांद्यांपाशी धरून वर उचलायला सांगा. कानांपर्यंत सरकलं तर ते मोठं आहे, बदलून घ्या. लहान मुलाला मोठ्या माणसाचं जाकीट चालत नाही. मुलाच्या मापाचं नसेल तर त्या होडीत मुलाला घेऊन बसू नका.