‘सबसॉनिक बंद ठेवा, बेस दुप्पट’ : फिरत्या मेसेजला उत्तर

गाडीत वूफर (बेस वाजवणारा मोठा स्पीकर) बसवणाऱ्या पोरांच्या ग्रुपांमधून सध्या एक मेसेज फिरतोय, ‘दुकानदार कधीच सांगणार नाही अशी बेसची पाच गुपितं’. ती अशी: पोर्ट (बॉक्सला लावलेला हवेचा पाइप) जेवढा मोठा तेवढा बेस जास्त. बॉक्स जेवढा मोठा तेवढा बेस खोल. वूफर कुठलाही चालतो, फक्त वॅट बघा. अँपवरचा (अँप्लिफायरवरचा) सबसॉनिक फिल्टर, म्हणजे फार खालचे सूर कापणारी खुंटी, बेस खातो, तो कायम बंद ठेवा. आणि वूफरचं तोंड कायम डिकीच्या दाराकडे करा. खाली हात जोडून ‘सगळ्या बेसप्रेमींपर्यंत पोहोचवा’.

पोहोचला, आमच्या भाच्यापर्यंत. चांगल्या चालणाऱ्या बारा इंची वूफरच्या बॉक्सला त्याने दुसरं भोक पाडून घेतलं, त्यात आणखी एक चार इंची पाइप ठोकला, फिल्टर बंद केला आणि मग मला फोन. ‘मामा, वूफर टकटक वाजतोय. वायर लूज असेल का?’

वायर लूज नव्हती. म्हणून चौथ्या गुपितापासूनच सुरुवात करतो. बाकीच्यांनी फार तर पैसे आणि एमडीएफ (बॉक्सची फळी) वाया जातं, यात वूफरचा जीव जातो.

पोर्टेड बॉक्स म्हणजे तोंडावर फुंकर मारल्यावर घुमणारी बाटलीच. पाइपमधली हवा हे वजन आणि बॉक्समधली हवा ही स्प्रिंग. दोन्ही मिळून एका ठरावीक फ्रिक्वेन्सीला जोरात डोलतात, तिलाच आपण बॉक्सची ट्यूनिंग म्हणतो. समजा ती ३५ हर्ट्झ (सेकंदाला ३५ डोल) आहे. ३५ हर्ट्झचा सूर वाजला की बहुतेक आवाज पाइपमधून येतो आणि वूफरचा कोन (पुढचा हलणारा पडदा) जवळजवळ जागेवर असतो. आतल्या हवेचा दाब त्याला हलूच देत नाही. रील्समध्ये दोन-दोन इंच उड्या मारणारा कोन दाखवून ‘बघा काय बेस आहे’ म्हणतात ना, तिथे बहुतेक वेळा बॉक्सने केव्हाच हात टेकलेले असतात. नीट ट्यून केलेला पोर्टेड बॉक्स ट्यूनिंगच्या सुराला आरसे थरथरवतो आणि कोन मात्र बघायला कंटाळवाणा असतो. त्यावर लाइक मिळत नाहीत, हे मान्य.

आता ट्यूनिंगच्या खाली जा. २५ हर्ट्झला पाइपमधली हवा वजनासारखी अडून राहत नाही, कोन ढकलेल तशी आत-बाहेर सरकते. स्प्रिंग गेली. वूफर बॉक्सबाहेर उघडा टांगून वाजवावा तशी त्याची अवस्था होते. वर, पाइपमधून येणारी हवा कोनच्या उलट दिशेने काम करते, म्हणजे कोनने बाहेर ढकललं की पाइप आत ओढतो आणि दोघांचा आवाज एकमेकांना मारतो. त्यामुळे सील्ड, म्हणजे पोर्ट नसलेल्या बंद बॉक्सचा आवाज खाली जाताना दर ऑक्टेव्हला (फ्रिक्वेन्सी निम्मी झाली की) १२ डेसिबलने पडतो, तर पोर्टेडचा २४ डेसिबलने. अँप मात्र तेवढीच ताकद ओतत राहतो. कोन मर्यादेबाहेर उडतो, कोनमागच्या तारेच्या कॉइलचं नळकांडं मॅग्नेटच्या मागच्या प्लेटवर आपटतं आणि ऐकू येते ती टकटक. पुढची पायरी म्हणजे वास. त्याच्या पुढची, रीकोनवाल्याचं (नवा कोन-कॉइल बसवून देणाऱ्याचं) बिल.

सबसॉनिक फिल्टर जे कापतो ते मुळात बॉक्सला वाजवताच येत नसतं. ३५ हर्ट्झच्या बॉक्सला फिल्टर २८ ते ३० वर ठेवला तर ऐकण्यात फरक शोधून सापडत नाही, आणि वूफर जगतो. ‘बेस बूस्टेड’ म्हणून डाउनलोड केलेल्या गाण्यांत तर ३० हर्ट्झच्या खालचा ऐवज मुद्दाम कोंबलेला असतो. तिथे फिल्टर बंद ठेवणं म्हणजे घरचा पैसा खर्चून टकटक विकत घेणं.

एक मान्य करावंच लागेल. फिल्टर ५० वर अडकून राहिला असेल तर तो खरंच बेस खातो. स्वस्त अँपवर त्या खुंटीवर धड आकडेही नसतात, आणि बसवणारा ती फिरवून निघून जातो. सील्ड बॉक्स असेल तर फिल्टरची तितकी निकडही नाही, कारण तिथे आतली हवा शेवटपर्यंत कोनला धरून ठेवते. पण मग ‘सील्ड असेल तर’ असं लिहा ना! मेसेजमध्ये ‘कायम बंद ठेवा’ आहे.

हे माझ्या मनचं नाही. नेव्हिल थील या ऑस्ट्रेलियन इंजिनिअरने १९६१ मध्ये पोर्टेड बॉक्सवर एक निबंध लिहिला. दहा वर्षं त्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. १९७१ मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या जर्नलने तो पुन्हा छापला, आणि सिडनी विद्यापीठात रिचर्ड स्मॉल यांनी ते काम पुढे नेलं. वूफरच्या खोक्यातल्या कागदावर एफएस, क्यूटीएस, व्हीएएस असे वूफरचा स्वभाव सांगणारे आकडे असतात, ते या दोघांच्या नावाने थील-स्मॉल पॅरामीटर म्हणून ओळखले जातात. बहुतेक जण तो कागद थर्माकोलबरोबर फेकतात. थील यांचा गाभ्याचा मुद्दा असा की पोर्टेड बॉक्स स्वतःच चौथ्या ऑर्डरचा हाय-पास फिल्टर (खालचे सूर कापणारा, दर ऑर्डरला ६ डेसिबल) आहे. वर सांगितलेले २४ डेसिबल तिथूनच येतात. फिल्टरचा एवढाच राग असेल, तर मेसेजवाल्याने पोर्टेड बॉक्सच्या वाटेलाच जाऊ नये.

आता मोठा पोर्ट. इथे गणित पाचवी-सहावीचं आहे. सेंटिमीटर आणि लिटर वापरले तर पाइपची लांबी काढायची रीत अशी: पाइपच्या आतल्या व्यासाचा वर्ग गुणिले २३५६२.५, भागिले ट्यूनिंगचा वर्ग आणि बॉक्सचे लिटर यांचा गुणाकार, आणि आलेल्या उत्तरातून व्यासाच्या ०.७३२ पट वजा. ५० लिटर, ३५ हर्ट्झ, १० सेंटिमीटरचा पाइप, उत्तर साधारण ३१ सेंटिमीटर. पाइप १५ सेंटिमीटरचा केला तर लांबी होते ७५ च्या वर! तेवढा सरळ पाइप त्या बॉक्सात मावतच नाही. मग लोक काय करतात? पाइप जाड घेतात आणि लांबी ३१ च ठेवतात. ट्यूनिंग ३५ वरून ५० वर जाऊन बसते.

भाच्याने दुसऱ्या वाटेने तेच केलं. ३१ चा एक पाइप होता, तसाच दुसरा लावला. हिशोबाने ४९.५ हर्ट्झ. खात्री करायला मोबाइलवर टोन जनरेटर लावला, आवाज बारीक ठेवला, ६० हर्ट्झपासून खाली येत गेलो आणि कोनवर बोट टेकवून ठेवलं. कोन सगळ्यात कमी हलतो तिथे ट्यूनिंग. पन्नाशीच्या आसपासच निघाली. म्हणजे गाण्यातला ३० हर्ट्झचा सूर आता ट्यूनिंगच्या बराच खाली, आणि राखणीला ठेवलेला फिल्टर बंद. दोन्ही गुपितं मिळून त्या वूफरवर चालून गेली होती. दोन पाइप लावून ३५ च हवे असतील तर प्रत्येक पाइप जवळपास ७० सेंटिमीटर लागतो. त्यापेक्षा एक भोक बंद करणं सोपं, आणि आम्ही तेच केलं.

पोर्ट फार बारीक असू नये, एवढं मात्र खरं. दोन इंची पाइपमधून बारा इंची वूफरची हवा काढायला गेलात तर ती फुसफुसते आणि पोर्ट नुसता वारा सोडतो. पाइपमधल्या हवेचा वेग सेकंदाला १७ मीटरच्या आत ठेवावा असा ठोकताळा आहे. थोडक्यात, फुसफुस थांबेल इतका मोठा पोर्ट, आणि मग त्याला लागेल तेवढी लांबी. मेसेजमध्ये लांबीचं नावच नाही.

बॉक्स मोठा करण्याबद्दल थोडंच. बाहेरून ६० बाय ३५ बाय ३० चा बॉक्स बघून लोक ६३ लिटर म्हणतात. १८ मिलिमीटरचं एमडीएफ वजा केलं की आत ४७ सुद्धा भरत नाहीत. त्यातून पाइपचे तीन आणि वूफरचे साधारण दोन लिटर गेले. ६३ धरून ३५ ला कापलेला पाइप प्रत्यक्षात ४३ हर्ट्झला वाजतो. आणि बॉक्स खरोखरच अवाढव्य केलात तर हवेची स्प्रिंग ढिली पडते, तोच वूफर कमी वॅटला हद्द ओलांडतो. किती लिटर हवेत, ते त्या फेकलेल्या कागदावरून ठरतं.

वॅटचं तर बोलूच नये. खोक्यावर ५००० वॅट छापलेलं असतं. गाडीच्या १३.८ व्होल्टवर तेवढ्यासाठी साडेतीनशेहून जास्त अँपिअर लागतील, आणि अँपचं स्वतःचं नुकसान धरलं तर आणखीच. छोट्या गाडीच्या अल्टरनेटरला ते झेपत नाही. आरएमएसचा (सतत पेलवणाऱ्या ताकदीचा) आकडा बघा. ‘कुठलाही वूफर’ हेही खोटं. त्याच कागदावरच्या एफएसला (वूफरच्या स्वतःच्या डोलण्याच्या फ्रिक्वेन्सीला) क्यूईएसने (त्या डोलण्याला विजेच्या बाजूने बसणाऱ्या लगामाच्या आकड्याने) भागा. उत्तर शंभराच्या आसपास असेल तर पोर्टेड बॉक्स मानवतो, पन्नासच्या खाली असेल तर सील्डच बरा.

राहिलं पाचवं, वूफरचं तोंड डिकीच्या दाराकडे. हॅचबॅकमध्ये हे बऱ्याचदा खरंच चांगलं वाजतं, करून बघायला हरकत नाही. ‘कायम’ हा शब्द मात्र काढा, कारण सेदानमध्ये डिकी आणि केबिनच्या मध्ये पत्रा आणि सीट येतात, तिथे वेगळं जमवावं लागतं. आणि दाराकडे तोंड करताना पाइपच्या तोंडापुढे निदान पाइपच्या व्यासाएवढी जागा मोकळी सोडा. दार लावल्यावर, उघडं असताना मोजून नव्हे.