चिठ्ठी लिहून दिली की भागतं का? – एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचं म्हणणं असं: कान गेला म्हणून दात किडत नाहीत, कर्णबधिरांचे हात-डोळे शाबूत असतात, डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं की भागतं. मग त्यांच्या दातांवर वेगळा लेख कशाला?

पहिला मुद्दा अगदी मान्य. ब्रश हिरडीशी 45 अंशांत कसा धरायचा, हे आरशासमोर दाखवलं तर कर्णबधिर मूल चटकन शिकतं. अडतं ते खुर्चीत.

माणूस आडवा, तोंड उघडं, डोळ्यांवर दिवा, डॉक्टरांच्या तोंडाला मास्क. चिठ्ठी धरणार कुठे? मास्क काढला तरी 'प', 'ब', 'म' ओठांवर सारखेच दिसतात आणि 'क', 'ग' तर दिसतच नाहीत. शिवाय सांकेतिक भाषेत वाढलेल्या अनेकांसाठी मराठी ही दुसरी भाषा असते आणि दोन्हींचं व्याकरण वेगळं. 'रूट कॅनाल न केल्यास दात काढावा लागेल' यातला एवढासा 'न' सुटला, की अर्थ उलटा!

म्हणून सगळं बोलणं खुर्ची मागे झुकवण्याआधी, समोरासमोर, चित्रं आणि आरसा घेऊन उरकावं. सोबत दुभाषी असला तरी नजर रुग्णाकडेच हवी. डावा हात वर केला म्हणजे 'थांबा', हे आधीच ठरवावं. ड्रिल ऐकू आलं नाही तरी त्याचा कंप हाडातून जाणवतो आणि माणूस दचकतो. पॉलिशिंगचा रबरी कप आधी नखावर फिरवून दाखवला, तर कंपाची निदान कल्पना येते.

श्रवणयंत्र उशीला दाबलं गेलं की शिट्टी मारतं, म्हणून ते काढायचं; पण बोलणं संपल्यावर. ओपीजी, म्हणजे संपूर्ण जबड्याच्या एक्स-रेलाही ते काढावं लागतं. तेव्हा मागून 'हलू नका' ओरडून काय उपयोग? एक्स-रेचं यंत्र डोक्याभोवती कसं फिरणार, हे हाताने आधीच दाखवावं.

कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी शस्त्रक्रियेने कानात बसवलेलं उपकरण) असेल तर तोंडात मोनोपोलर कॉटरी, म्हणजे शरीरातून वीजप्रवाह नेऊन ऊती कापणारं किंवा रक्त थांबवणारं उपकरण, वापरायचीच नाही. तिचा प्रवाह इम्प्लांटच्या इलेक्ट्रोडमधून आतल्या कानापर्यंत पोचू शकतो; इम्प्लांट निकामी होतं, कानालाही इजा होते. केसपेपरवर 'इम्प्लांट आहे का?' हा प्रश्न छापलेलाच हवा, कारण कानामागे लावायचा त्याचा बाहेरचा भाग (प्रोसेसर) काढून ठेवल्यावर आत इम्प्लांट आहे हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

सगळ्यात जास्त घोळ दात काढल्यानंतर होतो. 'कापूस अर्धा तास दाबून धरा, 24 तास चूळ भरू नका, थुंकू नका, स्ट्रॉने पिऊ नका' हे डॉक्टर हात धुता धुता, पाठमोरे सांगतात. रुग्ण घरी जाऊन खळखळून चूळ भरतो, रक्ताची गुठळी निघते, हाड उघडं पडतं आणि दोन-तीन दिवसांनी कानापर्यंत ठणका लागतो. या चार सूचना भारतीय सांकेतिक भाषेत मिनिटभराच्या व्हिडिओत करून रुग्णाच्या मोबाईलवर पाठवाव्यात. आणि 'रक्त थांबलं नाही तर फोन करा' असं सांगण्याऐवजी व्हॉट्सअॅपचा नंबर द्यावा. त्यावर रात्रीही कुणीतरी उत्तर देणारं हवं.