भराव 'आपोआप' बसत नाही

सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय : 'भरणीत मुरूम टाका, भरपूर पाणी सोडा, एक पावसाळा जाऊ द्या, माती आपोआप बसते. थराथराने धुम्मस करणं (ठोकून घट्ट करणं) म्हणजे बिल फुगवणं. शिवाय मुंबईत इमारती पाइलवर (जमिनीत खोल घातलेल्या खांबांवर) असतात, मातीची काळजी कशाला?' मला हा मेसेज घातक वाटतो.

माती आपोआप बसते? बसते, पण कुठे किती बसेल ते आपल्या हातात राहत नाही. विक्रोळीला आमच्या आवारात ड्रेनेजच्या लाइनसाठी खणलेला चर एका दमात भरला आणि वर पेव्हर ब्लॉक लावले. जुलैत नेमके चरावरचे ब्लॉक चार बोटं खचले. उचलून पाहिले, तर मुरमाच्या ढेकळांमध्ये बोट जाईल एवढ्या पोकळ्या. वरून मारलेली धुम्मस खोलवर पोचतच नाही. म्हणून 15-20 सेंटिमीटरचा थर टाकायचा, दाबायचा, मगच पुढचा. बिल फुगतं ते चर दुसऱ्यांदा उकरताना.

भरपूर पाणी? स्वच्छ रेतीला चालतं, कारण तिच्यातून ते निघून जातं. मातकट मुरमाला नाही. कॅलिफोर्नियात धरणांवर काम करणाऱ्या प्रॉक्टर या इंजिनिअरने 1933 मध्येच दाखवून दिलं की ठरावीक ओलाव्यालाच माती सर्वांत घट्ट बसते. त्याहून कोरडी असेल तर कण सरकत नाहीत. जास्त ओली असेल तर कणांमधली जागा पाणी अडवतं, आणि पाणी दाबलं जात नाही. साइटवर मूठभर माती आवळून बघा. गोळा व्हावा, पण तळहात ओला होऊ नये. गोळा टाकला की दोन-चार तुकडे व्हावेत, भुगा नाही. ही ढोबळ खूण झाली; खात्रीसाठी दाबलेल्या थराची घनता मोजून घ्या. त्याच मातीच्या प्रयोगशाळेत मिळालेल्या कमाल घनतेच्या निदान 95 टक्के तरी ती भरावी.

राहिला पाइलचा मुद्दा. इमारत पाइलवर उभी राहते. आवार, पायऱ्या, पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या लाइनी मात्र भरावावरच असतात. इमारत जागची हलत नाही, आवार खचतं, आणि भिंतीतून बाहेर पडणारा पाइप नेमका तिथेच तुटतो. खाडीकाठच्या चिकणमातीत नुसता रोलर उपयोगाचा नाही, हे मान्य. तिच्यातलं पाणी उभे निचरे (पाण्याला बाहेर पडायच्या उभ्या वाटा) घालून, वर भाराचा ढीग ठेवून महिनोन् महिने काढावं लागतं. ते न करता वर भराव टाकला, तर खाली बसणारी माती पाइललाही सोबत ओढते.