बुमराहने पाचही खेळायच्या, आणि मी मात्र घरी बसायचं

इंग्लंडची २०२५ ची सिरीज संपून गेली तरी आमच्या बडोद्याच्या फॅमिली ग्रुपवरचं भांडण काही संपत नाही. भांडण एकच, बुमराह पाचातल्या तीनच टेस्ट का खेळला. सिराज पाचही खेळला, १८५.३ ओव्हर टाकल्या, ओव्हलला शेवटच्या सकाळी मॅच काढून दिली, आणि वर आपण जिंकलो त्या दोन्ही टेस्टमध्ये, एजबॅस्टन आणि ओव्हल, बुमराह नव्हताच, मग काय, काकांना आयतं कोलीत मिळालं. गावसकरांपासून आमच्या काकांपर्यंत सगळ्यांनी त्या वर्कलोडच्या, म्हणजे दुखापत टाळायला बॉलरला मोजूनमापून खेळवण्याच्या, नावाने बोटं मोडून झाली. "पाठ दुखते तर रिटायर हो ने बाबा, दुसऱ्याला जागा दे" हे काकांचं म्हणणं.

दुसऱ्या बाजूला पंत. मँचेस्टरला वोक्सचा बॉल पायावर बसला, हाड मोडलं, दुसऱ्या दिवशी लंगडत लंगडत उतरला आणि पन्नास करून गेला. ग्रुपवर हात जोडलेल्या इमोजींचा पाऊस. पुढे ओव्हलला तोच वोक्स खांदा निखळलेला, एक हात स्वेटरच्या आत बांधून अकराव्या नंबरला आला तर काकांनी त्या गोऱ्यालाही सलाम ठोकला, "याला म्हणतात खेळाडू."

आता गंमत बघा. त्याच जुलैत, लॉर्ड्सची टेस्ट चालू होती त्याच वीकेंडला, मी इथे जर्मनीत हॅम्बुर्गच्या ट्रायथलॉनमध्ये उतरलो, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर पहिल्यांदाच. ऑलिम्पिक डिस्टन्स, म्हणजे दीड किलोमीटर पोहणं, ४० सायकल आणि १० पळणं. फोटो टाकला ग्रुपवर. काकांचा रिप्लाय, "आता पुरे कर हे, पन्नाशी जवळ आली, एकदा कापाकापी झालेला गुडघा आहे तो." आत्या म्हणाली चालायला जात जा, चालणं सगळ्यात उत्तम. दादाने दांडिया बाजारातल्या माणिकरावांच्या आखाड्याची आठवण काढली, आजोबांच्या वेळी तिथे लोकं मालीश करून कशी ठणठणीत व्हायची वगैरे. बुमराहची पाठ २०२३ मध्ये न्यूझीलंडला नेऊन कापली होती, ती मात्र कापाकापीत धरायची नाही.

एकाच माणसाने महिन्याभरात टाइप केलेली ही दोन मतं आहेत आणि मला वाटतं त्यात काकांचा स्वभाव कमी आणि आपल्या सगळ्यांची सवय जास्त आहे. दुखापत झाली की आपल्याकडे दोनच दारं. टीव्हीवरचा असेल तर दात-ओठ खाऊन खेळ, घरचा असेल तर आता बस. मधला जो लांबलचक कंटाळवाणा भाग असतो, रोज तेच तेच व्यायाम, थोडं वाढवायचं, सूज आली की परत कमी करायचं, तो कोणाच्या हिशोबातच नाही.

बडोदेकरांनी तरी असं बोलू नये खरं तर. हार्दिक पांड्या आपल्याच गावात वाढलेला पोरगा. २०१९ मध्ये लंडनला पाठीचं ऑपरेशन झालं, त्यानंतर बॉलिंग करत नाही म्हणून २०२१ च्या टी-ट्वेंटी वर्ल्डकपला त्याला काय काय ऐकवलं होतं, अर्धा खेळाडू, आयपीएलपुरता खेळाडू. मग २०२२ च्या आयपीएल फायनलमध्ये त्याने १७ रनमध्ये ३ काढल्या आणि गुजरातला कप मिळवून दिला, २०२४ ला बार्बाडोसमध्ये वर्ल्डकप फायनलच्या शेवटच्या ओव्हरला १६ रन डिफेंड केले, तेव्हा सगळे म्हणाले आमचा बडोद्याचा. मधली ती जेमतेम बॉलिंग करण्याची दोन-अडीच वर्षं या ओव्हरच्या आधी लागतात हे कोणी जोडून बघितलं नाही.

माझ्या गुडघ्याचं सांगतो, कारण मेसेजेस वाचून असं वाटतं की मी ट्रायथलॉन करून तो मोडून घेतला. तसं काही नाही. ऑफिसच्या फुटबॉलमध्ये गेला, कोणाचा धक्कासुद्धा लागला नाही, पाय जमिनीत रोवलेला आणि वरचं शरीर वळलं, कट असा आवाज, एसीएल, म्हणजे गुडघ्याची हाडं आतून बांधून ठेवणारा लिगामेंट, तुटला आणि मेनिस्कस, म्हणजे हाडांमधली गादी, तीही फाटली. मांडीच्या मागच्या बाजूचा एक टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारी दोरी, काढून त्याचा नवीन लिगामेंट करतात. हा नवीन धागा आधी मजबूत असतो, मग मधल्या काही महिन्यांत शरीर त्याला आतून बदलत असतं तेव्हा उलट कमजोर होतो, आणि नेमकं त्याच काळात दुखायचं थांबलेलं असतं. म्हणजे तुम्हाला वाटतं झालो बरा, आणि गुडघा आत सगळ्यात नाजूक. इथल्या फिजिओने मला पहिल्याच भेटीत अमेरिकेतल्या डेलावेअर आणि नॉर्वेतल्या ऑस्लोच्या संशोधकांनी मिळून केलेल्या २०१६ च्या अभ्यासाचं सांगितलं. वळणं-उड्या असलेल्या खेळात परत जायला नऊ महिन्यांपर्यंत जितके महिने थांबाल तितक्या प्रत्येक महिन्यामागे परत दुखापत व्हायची शक्यता साधारण निम्मी होत जाते. आणि नुसतं कॅलेंडर नाही, ऑपरेशनवाल्या पायाची ताकद चांगल्या पायाच्या ९० टक्क्यांवर आली पाहिजे. जमिनीवर टेप चिकटवलेली असते, एका पायावर उडी मारून कुठे पडलात ते मोजायचं, मग दुसऱ्या पायाने. माझ्या डाव्या पायाची उडी इतकी केविलवाणी होती की शेजारी बसलेल्या आजीबाई हिप बदलून आल्या होत्या त्या मला धीर देऊ लागल्या.

आता यात घरच्यांना न पटणारी गोष्ट ही की फुटबॉल माझा कायमचा बंद झाला पण ट्रायथलॉनला फिजिओने हो म्हटलं. ऐकायला उलटं वाटतं, ५१-५२ किलोमीटरचं प्रकरण चालतं आणि शुक्रवारी तासभर बॉलला लाथ मारणं चालत नाही. पण सायकल सरळ रेषेत चालते, गुडघा वर-खाली होतो पण पिळला जात नाही, स्टँडवरची सायकल तर सगळ्यात आधी सुरू होते. पोहण्यात क्रॉलचे हलके पाय लवकर चालतात, ब्रेस्टस्ट्रोकची ती बेडकासारखी लाथ मात्र शेवटपर्यंत नाही कारण ती गुडघ्याला बाहेरून पिळते. पळणं सगळ्यात हळू परत येतं. रेसमध्ये मला भीती वाटली ती १० किलोमीटरची नाहीच, वेटसूट काढायची. बिनेनआल्स्टर या शहरातल्या तलावातून बाहेर आलात की हातपाय थंड, डोकं गरगरतंय, रबराचा सूट टाचेत अडकलेला आणि सगळे एका पायावर नाचत तो ओढतायत, हा जो पीळ बसतो ना गुडघ्याला तो अख्ख्या रेसमधला सगळ्यात वाईट. मी सरळ खाली बसलो, दोन्ही हातांनी टाचा सोडवल्या, मागून आलेले किती पुढे गेले ते बघितलंच नाही. काकांच्या भाषेत हे रडीचं खेळणं असेल.

परदेशात सगळं छान असं अजिबात म्हणायचं नाहीये मला. जर्मनीत फिजिओची चिठ्ठी मिळते, पण अपॉइंटमेंट मिळेपर्यंत जीव जातो आणि मिळाली की वीस मिनिटांत घड्याळ बघतात. तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट नसलेल्या घरात कुबड्या घेऊन कचऱ्याची पिशवी खाली कशी न्यायची याचं उत्तर कुठल्याच इन्शुरन्सकडे नाही. बडोद्यात असतो तर मामीचा डबा आला असता, शेजारच्या पोराने अॅक्टिव्हावर मागे बसवून नेलं असतं, दिवसभर घरात कोणी ना कोणी येऊन बसलं असतं. इथे पहिल्या आठवड्यात मी फ्रीजशी बोलत होतो. आणि वीरश्रीचं वेड इथेही कमी नाही, आमच्या क्लबात रेसच्या सकाळी नाश्त्याबरोबर पेनकिलर घेणारे आहेत, डिहायड्रेशनमध्ये त्याने किडनीवर काय होतं हे माहीत असूनही. टिम डॉन म्हणून ब्रिटिश ट्रायथलीट आहे, २०१७ मध्ये हवाईच्या आयर्नमनच्या दोन-तीन दिवस आधी सरावात गाडीने उडवलं, मान मोडली, डोक्याच्या हाडाला स्क्रू मारून मान हलू न देणारी धातूची चौकट बसवली, आणि सहा महिन्यांत तो बोस्टन मॅरेथॉन २ तास ४९ मिनिटांत पळाला. त्याचे चौकटीतले फोटो इथे सगळ्यांना पाठ आहेत. माझ्याच क्लबमेटने मला तो फोटो पाठवला होता, प्रेरणा म्हणून. पंतचा फोटो पाठवणारे काका आणि हा, दोघांत फरक पासपोर्टचा.

खरा फरक मला पैशात आणि वेळेत दिसतो. इथे आजारपणात पहिले सहा आठवडे कंपनी पूर्ण पगार देते, त्यानंतर इन्शुरन्सकडून पगाराच्या साधारण ७० टक्के, ते दीड वर्षापर्यंत. कामावर परत यायलाही पायऱ्या, आधी दिवसाचे चार तास, मग सहा, मग पूर्ण, त्याला योगायोगाने हॅम्बुर्ग मॉडेलच म्हणतात. फिजिओला चिठ्ठीमागे १० युरो आणि खर्चाच्या १० टक्के इतकंच आपल्या खिशातून. हे असलं की माणूस थांबू शकतो. काका म्हणतात, "फुकट नाही मिळत ते, तुझा अर्धा पगार कापतात." बरोबर आहे त्यांचं, नुसत्या हेल्थ इन्शुरन्सचाच बेसिक दर १४.६ टक्के आहे, अर्धा मी भरतो अर्धा कंपनी, वर बाकीचं वेगळंच. स्लिप बघून मीही शिव्या घालतो दर महिन्याला. बुमराहच्या मागे बोर्ड आहे, त्याला थांबणं परवडतं. रावपुऱ्यात दुकान चालवणारा माझा मित्र गुडघ्याचं ऑपरेशन करून तिसऱ्या आठवड्यात गल्ल्यावर बसला, त्याला कोणी शूर म्हटलं नाही, तो म्हणालाही नाही, शटर उघडायला दुसरं कोणी नव्हतं.

आणि सायकल-पोहण्याचं म्हणाल तर बडोद्यात हौस कमी नाही. मॅरेथॉनला गर्दी असते, पहाटे सिंधरोटकडे सायकलवाल्यांची रांग लागते, लालबागचा स्विमिंग पूल आहे, उघड्या पाण्याचा सराव तेवढा विश्वामित्रीत नको, मगरींचा वेग आपल्याहून जास्त. मागच्या हिवाळ्यात आलो होतो तेव्हा शहरात फिजिओही भरपूर दिसले. फक्त त्यांच्याकडे आठवडा-दोन आठवडे जायचं, दुखायचं थांबलं की बंद, कारण बहुतेक पॉलिसी हॉस्पिटलचं बिल देतात आणि पुढे महिनोन्‌महिने क्लिनिकमध्ये जायचे पैसे पदरचे.

मामीचंच घ्या. गुडघा बदलला, ऑपरेशन उत्तम झालं, डॉक्टर चांगले. घरी फिजिओची मुलगी यायची, मग तिची फी खूप होते म्हणून बंद केली, मग सगळ्यांनी मामीला आराम करायला लावला, अगदी प्रेमाने, पाण्याचा ग्लाससुद्धा हातात. आता तो गुडघा ९० अंशाच्या पुढे वाकत नाही, रिक्षात चढताना पाय बाहेर राहतो. ग्रुपवर चौतीस मेंबर आहेत, बुमराहच्या पाठीवर प्रत्येकाचं मत आहे, मामीचा गुडघा किती वाकतो हे मी विचारलं तेव्हा दोन तास कोणी काही लिहिलं नाही, मग काकांनी लिहिलं, वय झालं की चालायचंच. मी त्यांना लिहिलं की फिजिओच्या मुलीची सहा महिन्यांची फी मी पाठवतो, तुम्ही फक्त ती आली की मामीला उठू द्या. त्यावर अजून वाद चालू आहे, मुद्दा असा की भाच्याकडून पैसे घ्यायचे का.