पळणं रक्तात असतं म्हणे! मग बूट कुणी द्यायचे?

दरवर्षी तालुक्याच्या शालेय स्पर्धेत कुणीतरी माईक हातात घेतं आणि तेच बोलतं. आदिवासी भागातली मुलं मुळातच काटक, पळणं त्यांच्या रक्तातच आहे. मग सावरपाड्याच्या कविता राऊतचं नाव घेतलं जातं, टाळ्या पडतात आणि पाहुणे गाडीत बसून निघून जातात. डोकं फिरतं माझं. कविताताईंनी २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्य आणि त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य मिळवलं, ते अपार कष्टांच्या जोरावर. ते कष्ट रक्ताच्या नावावर जमा करून मोकळं व्हायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?

आमच्या पाड्यावरच्या शाळेला क्रीडाशिक्षक नाही. मिळणारही नाही, कारण नियमच तसा आहे. शिक्षणहक्क कायदा २००९ चा, त्याच्या परिशिष्टात लिहिलंय की सहावी ते आठवीचा पट १०० च्या वर असेल तर शारीरिक शिक्षणाला अंशकालीन निदेशक, म्हणजे अर्धवेळ शिकवणारा माणूस. अहो, अख्ख्या पाड्यावर शंभर उंबरे नाहीत, तिथे तीन वर्गांत शंभर पोरं कुठून आणायची? म्हणजे शहरालगतच्या मोठ्या शाळेला निदेशक आणि डोंगरातल्या शाळेला काहीच नाही. जिथे गरज सर्वांत जास्त, नेमकी तीच शाळा या अटीत बाहेर पडते. इतकी वर्षं झाली, ही अट कुणाला खुपत कशी नाही?

मग वेळापत्रकातला शारीरिक शिक्षणाचा तास घ्यायचा कुणी? आम्हीच. दोन शिक्षक, त्यातला एक मतदारयाद्यांच्या कामाला नाहीतर कुठल्या तरी ऑनलाइन माहितीला जुंपलेला. उरलेल्याने तीन वर्ग एकत्र बसवायचे की खो-खोचे खांब रोवायचे? कायद्यात मैदानही सक्तीचं आहे. युडायसच्या, म्हणजे शाळांच्या सरकारी माहितीनोंदीच्या, रकान्यात ‘हो’ भरलेलं असतं. प्रत्यक्षात आहे तो उतार. चेंडू सुटला की थेट ओहोळात, आणि तो आणायला गेलेलं पोर परत येईपर्यंत तास संपतो. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून क्रीडासाहित्याला प्राथमिक शाळेला वर्षाला ५,००० रुपये आणि उच्च प्राथमिकला १०,००० पर्यंत अशी तरतूद आहे. एवढ्यात मॅटचा एक तुकडाही येत नाही. आणि जिल्ह्याला कबड्डी, खो-खो मॅटवर! आमच्या पोरींनी आयुष्यात मॅट पाहिलेली नाही. मातीत अनवाणी खेळणाऱ्या पोरींना तिथे बूट घालून उतरवायचं, तेही मागून आणलेले, एकीला सैल तर दुसरीला घट्ट. पहिल्याच डावात दोघी घसरल्या, एकीचा गुडघा सोलवटला, आणि बाजूला उभा असलेला एक जण म्हणाला, “यांना सराव कमी पडतो.” कुठे करायचा सराव? ओहोळात?

आमची आठवीतली एक मुलगी ६०० मीटर पळते. काय पळते पोरगी! हात अंगाला चिकटून, मान ताठ, शेवटच्या वळणावर बाकीच्या दमतात तेव्हा हिचा वेग वाढतो. तालुक्याला सहज पहिली आली. जिल्ह्याला न्यायचं तर एस.टी. वेळेवर पोचवत नाही म्हणून पिकअप केली. भाड्याचे पैसे आम्ही शिक्षकांनी काढले. पोरं पहाटे अंधारात निघाली, मैदानावर सकाळी आठलाच हजर. उद्घाटन दुपारी, कारण पाहुणे आले नव्हते! मुलींची शर्यत लागली तेव्हा सिंथेटिक ट्रॅक तव्यासारखा तापलेला. शेजारच्या लेनमधल्या मुलींच्या पायांत स्पाइक्स, म्हणजे तळाला खिळे असलेले पळायचे बूट, ही अनवाणी. चौथी आली. नंतर नळाखाली पाय धरून बसली होती, तळव्यांना फोड आलेले. रडली नाही. “सर, पुढच्या वर्षी बूट मिळतील का?” एवढंच विचारलं. खेळाच्या एवढ्या योजना निघतात, त्यांतलं एक बूट या पोरीच्या पायापर्यंत का येत नाही?

आणि अविनाश साबळेचं उदाहरण देणाऱ्यांनी तर आधी त्याची गोष्ट नीट वाचावी. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा हा मुलगा रोज कित्येक किलोमीटर चालत-पळत शाळेत जायचा. पण तो धावपटू झाला सैन्यात गेल्यावर, महार रेजिमेंटमध्ये. २०२३ ला हांगझोमध्ये आशियाई सुवर्ण, २०२४ ला पॅरिसला ऑलिंपिकची अंतिम फेरी. त्याला घडवलं सैन्याने, आपल्या शालेय क्रीडा व्यवस्थेने नाही. ज्यांना सैन्याची वाट सापडत नाही त्यांचं काय? दिवाळी झाली की आमची निम्मी पोरं आईबापांबरोबर दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागांच्या कामाला जातात. विभागीय स्पर्धेसाठी निवड झालेलं पोर ऐन स्पर्धेच्या दिवशी बागेत सापडतं, कारण राहायची-जेवायची सोय करून त्याला मागे ठेवणारं कुणी नसतं.

शंभराची अट काढा. एका केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या एका गटातल्या, सगळ्या पाड्यांना मिळून एक क्रीडाशिक्षक द्या, पूर्ण पगाराचा, आणि त्याच्या गळ्यात दुसरं एकही काम घालू नका. तालुक्यापासून राज्यापर्यंत पोरांचं भाडं आणि जेवण स्पर्धा भरवणाऱ्यांनी द्यावं. मॅट केंद्रशाळेत तरी पाठवा, स्पर्धेच्या आदल्या दिवशी नव्हे, जूनमध्ये. मुलींच्या शर्यती सकाळी घ्या. आणि पाहुण्यांना उशीर होणार असेल तर उद्घाटन त्यांच्याशिवाय करा, पोरींना उन्हात ताटकळत ठेवू नका.