तिकडे म्हणे डायरेक्ट आत टाकतात

आमच्या फॅमिली ग्रुपवर परवा परत तोच राडा. २०२५ च्या मे महिन्यातलं ते मुळशीचं सुनेच्या मृत्यूचं प्रकरण कुणीतरी वर काढलं, बाळ आणायला गेलेल्या माहेरच्यांना पिस्तूल दाखवल्याचा आरोप होता ना, तेच. त्यावर बंडूदादाने लिहिलं, "अमेरिकेत बाईवर हात उचलला की डायरेक्ट आत, विषय संपला. आपल्याकडे शिक्षा झाली तरी अपील करून सुटतात, अपीलच बंद करा." आणि खाली मला टॅग.

दादा, मी डॅलसजवळ राहते, अकरा वर्षं झाली. इथून अर्ध्या तासावर आर्लिंग्टन आहे, तिथलं ऐक. २०१९ च्या डिसेंबरात झॅकी रहिमी नावाच्या माणसाने भर पार्किंग लॉटमध्ये आपल्या मैत्रिणीला, म्हणजे स्वतःच्या पोराच्या आईला, ओढत नेऊन गाडीत ढकललं, तिचं डोकं डॅशबोर्डवर आपटलं. कुणीतरी बघतंय म्हटल्यावर सीटखालची बंदूक काढली, तेवढ्यात ती पळाली, याने गोळी झाडलीच. नंतर फोन करून धमकी, कुणाला बोललीस तर तुला उडवीन. २०२० च्या फेब्रुवारीत कोर्टाची ऑर्डर निघाली, दोन वर्षं तिच्याजवळ फिरकायचं नाही, बंदुकीचं लायसन्स सस्पेंड. पठ्ठ्या पुढे मित्राचं कार्ड डिक्लाइन झालं म्हणून व्हॉटाबर्गर या बर्गरच्या दुकानात हवेत गोळ्या झाडत होता. पोलिसांनी झडती घेतली तर पिस्तूल, रायफल आणि त्याच ऑर्डरची कॉपी. म्हणजे कागद नीट जपून ठेवला होता हं.

अशी ऑर्डर असताना बंदूक बाळगल्याचा गुन्हा कबूल केला, ७३ महिने शिक्षा. विषय संपला? अपील केलं, तेही सरकारने आरोपीला दिलेला बचावाचा वकील घेऊन, आणि २०२३ मध्ये फिफ्थ सर्किट या अपील कोर्टाने ती शिक्षा रद्दच केली! का, तर २०२२ ला सुप्रीम कोर्टाने नवीन कसोटी लावली होती की बंदुकीवरच्या बंदीला जुन्या इतिहासात आधार पाहिजे. आता बंदुकीचा हक्क घटनेत आला त्या १७९१ च्या आसपास बायकोला मारणं याला सहसा गुन्हा म्हणत होतं कोण? शेवटी २०२४ च्या जूनमध्ये सुप्रीम कोर्टाने आठ विरुद्ध एक असा निकाल फिरवला, जस्टिस थॉमस एकटे विरोधात. निकालात त्या बाईची फक्त आद्याक्षरं आहेत, नाव त्याचंच गाजलं.

तरी अपील बंद करा असं मी म्हणणार नाही. आणि तुम्ही लोक तर बोलूच नका, डिसेंबर २०२४ मध्ये ४९८अ चा, म्हणजे सासरच्या छळाच्या कलमाचा, गैरवापर म्हणून ग्रुपवर रोज रडत होतात, तेव्हा आरोपीला सगळे हक्क हवे होते.

हे सगळं टाईप केलं आणि पाठवलं नाही. कारण दादा उद्या विचारेल, तू काय केलंस तिकडे.

पंचवटीतल्या आमच्या वाड्यात वरच्या मजल्यावर आवाज वाढला की आत्या वाटी घेऊन जिना चढायची, रात्री नऊ वाजता, "विरजण आहे का गं?" दार उघडेपर्यंत हलायची नाही. मारणाऱ्याला पाहुण्यासमोर थांबावंच लागायचं. बाकीचे, दादाचे वडील धरून, रेडिओ मोठा करायचे, ते ग्रुपवर कुणी लिहीत नाही.

इथे आयर्विंगच्या अपार्टमेंटमध्ये आमच्या वर एक जोडपं होतं, आपलंच, साताऱ्याकडचं. ती एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसावर अवलंबून. दोन वीकेंड मी वरचे आवाज ऐकले, नाईन-वन-वन, म्हणजे पोलिसांचा नंबर, दाबून परत खोडलं, म्हटलं त्याचा व्हिसा गेला तर ती कुठे जाईल. खरं म्हणजे गणपतीत एकत्र आरती करायची होती, कशाला वाईटपणा. ती सोमवारी लॉन्ड्रीत भेटली, ऑगस्टमध्ये फुल बाह्यांचा टीशर्ट. मला काय सुचावं? म्हटलं, "विरजण आहे का गं?"

"नाही ताई, आम्ही चोबानीचं विकतचं दहीच आणतो," ती म्हणाली आणि ड्रायरमधले कपडे काढायला लागली.